लाल दोऱ्याचे मासे

बातमी माझ्याच टेबलावर आली. जानेवारीच्या अखेरची सकाळ होती. गोंदियाच्या वार्ताहराचे पाकीट नेहमीप्रमाणे गाडीने आले होते आणि त्यात चार कागद होते. धानगिरणी कामगारांची सभा, कबड्डीचे सामने, सडक अर्जुनीच्या रस्त्यावर उलटलेला ट्रक, आणि चौथ्या कागदावर चार ओळी. गोंदिया येथील हायस्कूलचे गणिताचे शिक्षक श्री. लक्ष्मण टेंभरे यांचे अल्पशा आजाराने निधन झाले, मृत्युसमयी ते सत्तेचाळीस वर्षांचे होते, ते सर्व विद्यार्थ्यांचे आवडते होते. मी मजकूर वाचला तो उपसंपादक म्हणून. दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, मथळा दिला, आणि ‘सर्व’ खोडून त्या जागी ‘अनेक’ लिहिले. लेखणी खाली ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की मी काय वाचले आणि कोणाच्या धाकाने ती दुरुस्ती केली... शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारले, “ओळखीचे होते का?” मी हो म्हणालो. “मग ‘सर्व’ राहू द्या की. एवढं कोण बघतंय?” मी म्हणालो, “त्यांना चाललं नसतं.”

ते बघत असत. मी नागपूरच्या या दैनिकात लागलो त्याला तीन वर्षे झाली. तेवढ्या काळात टेंभरे सरांची सात पोस्टकार्डे आली. पहिल्यात कुशल विचारलेले नव्हते, अभिनंदनही नव्हते. ‘परवाच्या अंकात तुमच्या बातमीत सर्व शेतकरी नाराज आहेत असे आहे. किती जणांना विचारले? ते कुठे भेटले?’ एवढेच. मी खरे ते कळवले. अकरा जणांना विचारले होते आणि ते अकराही जण तहसील कचेरीच्या दारात भेटले होते. उलट टपाली दुसरे कार्ड आले. ‘जे नाराज नव्हते ते कचेरीत कशाला येतील?’

हा प्रश्न मला नवा नव्हता, आमच्या वर्गातल्या कोणालाही नवा नव्हता. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी सर आमच्या शाळेत लागले. आमगावकडच्या शेतकरी घरातले. घरात पोवारी बोलत, वर्गात पुस्तकी मराठी, बाजारात गोंदियाची हिंदी. त्याआधी काही वर्षे त्यांनी सरकारी पीकपाहणीत काम केले होते. धानाच्या बांधीत, म्हणजे शेताच्या तुकड्यात, दोरी टाकून चौकोन आखायचा, तेवढ्यातलेच पीक कापायचे, झोडायचे, तोलायचे, आणि अशा थोड्या चौकोनांवरून साऱ्या तहसिलीचा अंदाज बांधायचा, असे ते काम. चौकोन कुठे पडेल ते चिठ्ठीने ठरे. पाहुण्याला आपले चांगले धान दाखवावे म्हणून शेतकरी हात धरून भलत्याच बांधीकडे नेत आणि ते जड मनाने परत चिठ्ठीच्या बांधीकडे येत, हे ते हसत सांगायचे. अभ्यासक्रमात संख्याशास्त्र नव्हते, संभाव्यता हा शब्दही आम्ही ऐकलेला नव्हता. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास रिकामा असे. तो त्यांनी मागून घेतला.

त्या तासाची पहिली आठवण अशी. त्यांनी प्रत्येकाला विचारले, तुझ्या घरी तुला धरून किती मुले? आकडे फळ्यावर लिहिले, बेरीज केली, आम्ही तीस जण म्हणून तिसाने भागले. साधारण पाच आले. म्हणजे आपल्याकडे दर घरी पाच मुले, असे आम्ही एका आवाजात सांगून मोकळे झालो. सर म्हणाले, बरे, आता शेजारच्या मुर्री गावात जा, एका टोकापासून एकही घर न सोडता पंचवीस घरे विचारा. रविवारी आम्ही गेलो. आकडा तीनच्या थोडा वर आला. मुर्रीचे लोक खोटे बोलले असावेत, असा आमचा निष्कर्ष होता. सरांनी वर्गावरून नजर फिरवली आणि विचारले, “ज्या घरी मूलच नाही, त्या घरचं इथे कोण बसलंय? आणि ज्या घरी आठ आहेत, तिथलं कोणी ना कोणी इथे असणारच ना?” मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “मंजे आपण आपल्यालेच विचारलं.” सर म्हणाले, “हो. आणि आपल्यालाच विचारलं की उत्तर नेहमी आपल्यासारखंच येतं.”

दुसऱ्या एका शनिवारी त्यांनी खिशातला आणा काढून उडवला. पाच वेळा लागोपाठ छापा पडला. आता काटाच पडणार, असे वर्गातल्या बहुतेकांचे मत पडले, काही जणांनी बोरे पणाला लावली. सर म्हणाले, “मागचे पाच काय पडले ते या आण्याला सांगायला कोण गेलं होतं?” सहाव्यांदाही छापा पडला. सातव्या वेळी काटा पडला तेव्हा पणाला लावलेली बोरे खाऊन संपली होती. सोमवारी एका पालकाने हेडमास्तरांकडे तक्रार नेली की टेंभरे मास्तर पोरांना जुगार शिकवतात. सरांनी त्या गृहस्थांना शनिवारच्या तासाला बोलावून घेतले. ते शेवटच्या बाकावर बसले, तास संपेपर्यंत हलले नाहीत आणि जाताना एवढेच म्हणाले, “हे आधी शिकलो असतो तं खेळलोच नसतो.”

आता त्या तलावाबद्दल. मुर्रीच्या पुढे तीनेक मैलांवर जुना मालगुजारी, म्हणजे जमीनदारीच्या काळातला, तलाव आहे. त्याच्या मातीच्या पाळीखाली ढिवर मासेमारांची अठरा घरे होती, त्या वस्तीला ढिवरटोली म्हणत. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला. त्याच सुमारास सलग दोन वर्षे पाऊस कमी झाला आणि जाळ्यात मासा येईनासा झाला. १९५२ च्या सुरुवातीला एक ठेकेदार टोलीत येऊन गेला. बालाघाटकडच्या मँगनीजच्या खाणीवर त्याला माणसे हवी होती, सुटी माणसे नव्हे, बायकापोरांसकट घरे. शिमगा झाला की ट्रक आणतो, असे सांगून तो गेला. टोलीचा म्होरक्या सोमाजी नान्हे. त्याचा मुलगा भिवा आमच्या वर्गात होता, नववीत. त्या टोलीतून हायस्कुलात आलेला तो पहिला. टोली गेली असती तर भिवाची शाळा संपली असती, आणि टोलीने राहायचे ठरवले असते आणि तलावात खरोखरच मासा नसता, तर अठरा घरे पावसाळ्यापर्यंत उपाशी राहिली असती. भिवाने ही गोष्ट सरांना सांगितली ती मदत मागण्यासाठी नाही. शिमग्यानंतर येणार नाही, नाव कमी करा, एवढेच सांगायला तो गेला होता. सरांनी हजेरीपट मिटला आणि विचारले, “तलावात मासे किती आहेत?” भिवा म्हणाला, “नाहीतच म्हणतात.” सर म्हणाले, “म्हणतात कोण? मोजले कोणी?”

पुढच्या रविवारी आम्ही तिघे तलावावर गेलो. सर, भिवा आणि मी. सोमाजी पाळीवर जाळे सांधत बसला होता. सरांनी त्याला समजावले. काही मासे धरायचे, खूण करायची, परत सोडायचे. चार दिवस जाऊ द्यायचे. मग पुन्हा धरायचे आणि त्यांत खुणेचे किती येतात ते पाहायचे. दर पंचवीस माशांत एक खुणेचा आला, तर तलावात आपण खूण केलेल्यांच्या पंचवीसपट मासे आहेत. सोमाजीने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाला, “मास्तर, हाती आलेला मासा कोणी सोडते का?” सर म्हणाले, “मोजायला सोडायचा.” “आमी मासे खातो, मोजत नाही. मोजून पोट भरते का तुमचं?” सर म्हणाले, “महिन्याकाठी भरतं.” सोमाजी हसला. हसल्यावर त्याला नाही म्हणणे अवघड गेले असावे.

दुसरे भांडण जागेवरून झाले. सोमाजीचे म्हणणे, जाळे टाकायचे ते पाणी येते त्या तोंडाशी, मासा तिथेच असतो. सरांनी तलावाचे नऊ भाग पाडले आणि रोज चिठ्ठी काढली. बेशरमीच्या झुडपांच्या उथळ बाजूची चिठ्ठी निघाली तेव्हा सोमाजीने जाळे खाली ठेवले. “तिकडं बेंडकं हायेत. मासा नसते तिथं जाळं टाकून काय भेटन?” सर म्हणाले, “मासा नाही, हेच भेटेल. तेही लिहायचं आहे.” डोंग्यातला एक म्हातारा म्हणाला, “सोमा, टाक रे बापा. याइचं डोस्कं आपल्यावानी नाही.” जाळे टाकले. बेडूक आले आणि सतरा मासेही आले. 

खूण म्हणून सरांनी लाल दोरा निवडला. दुरून दिसतो, पाण्यात लवकर कुजत नाही, आणि यमुनाकाकूंच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या, शिवणाच्या डब्यात भरपूर होता. वीतभराहून मोठ्या प्रत्येक माशाच्या पाठीवरच्या पराला आम्ही दोरा बांधला. सहा दिवसांत तीनशे मासे झाले. टोलीतल्या बाया पाळीवर उभ्या राहून पाहत, काहींनी हातही जोडले. ते आम्ही आमच्या कामाचे कौतुक समजलो. चार दिवस गेल्यावर पुन्हा जाळी पडली. डोंगे काठाला लागत, भिवा पाळीवर बसून मोजत असे. साडेचारशे मासे मोजून झाले. त्यांत लाल दोऱ्याचा एकही नव्हता.

सोमवारी सरांनी फळ्यावर लिहिले, तीनशे गुणिले साडेचारशे, भागिले शून्य. आणि खडू हातात धरून उभे राहिले. एक जण ओरडला, “सर, अनंत मासे!” वर्ग हसला. भिवा हसला नाही. सर म्हणाले, “शून्याने भागल्यावर तलाव मोठा होत नाही. आपण कुठे तरी चुकलोय, एवढंच कळतं.” दोऱ्याने मासे मेले असतील, अशी शंका मी काढली. सरांना ती आधीच आली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी दोरा बांधलेले दहा मासे पाळीजवळ खणलेल्या एका डबक्यात वेगळे ठेवले होते. त्यांतले नऊ अजून पोहत होते. मग दोऱ्याचे मासे गेले कुठे? शिमगा सतरा दिवसांवर आला होता.

संध्याकाळी सर पुन्हा टोलीत गेले. मीही सोबत होतो. पुढचे संभाषण मला शब्दशः आठवते, कारण त्यानंतर ते आम्ही वर्गात कित्येकदा नाटकासारखे करून दाखवले.

“सोमाजी, दोऱ्याचा एकही मासा नाही लागला?”

“लागले ना. कायले नाही लागन? लय लागले.”

“किती?”

“वीस असन, तीस असन. म्या का मोजून राहिलो?”

“मग ते पाळीवर का नाही आले?”

सोमाजीने सरांकडे असे पाहिले की जणू त्यांचीच तब्येत बरी नसावी. “सोडून देल्ले, मास्तर.”

“काऊन?” पुस्तकी मराठी बोलणारे आमचे सर त्या एका शब्दापुरते टोलीचे झाले.

“आता काऊन म्हंता! देवाचा मासा घरी आणते का कोणी?”

मग उलगडा झाला. त्या टोलीत हंगामाचा पहिला मासा मातामाय या टोलीच्या देवीच्या नावाने सोडत. त्याला हळद लावायची, पराला लाल दोरा बांधायचा, हात जोडून पाण्यात सोडायचा. तो वर्षभरात पुन्हा जाळ्यात आला तर डोंग्यातूनच परत सोडायचा, काठाला आणायचा नाही. घरटी एक मासा, अशी रीत. सरांनी एकट्याने तीनशे सोडले होते. “आमी म्हटलं, मास्तरनं नवस केला,” सोमाजी म्हणाला. “तलावात मासा वाढाव म्हणून. येवढा नवस आमच्या आज्यानंही नाही केला. मंग आमी तो कायले मोडू?” आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, “आनि माणसं म्हंते मास्तर देवाले मानत नाही!”

सर पाळीवर बसले आणि हसू लागले. टेंभरे सरांना असे हसताना मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही पाहिले नाही. भिवा मान खाली घालून उभा होता. रीत त्याला ठाऊक होती. पण शाळेने बांधलेला दोरा आणि टोलीचा दोरा एकच, हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते. सर त्याला म्हणाले, “तू कशाला मान घालतोस? चूक माझी आहे. मी माशांचा विचार केला, डबकंसुद्धा खणलं. मासे धरणाऱ्या माणसांना एक शब्द विचारला नाही.” मग सोमाजीकडे वळून म्हणाले, “पुन्हा करू. आता दोरा नको. कशाची खूण केली तर तुमची हरकत नाही?” सोमाजीने विचार करून सांगितले, शेपटाचं टोक कापा. शेपूट कापलेला मासा देवाचा नसते, तो कासवाने चावलेला असते.

तेरा दिवसांत सगळे पुन्हा केले. या वेळी टोली स्वतःहून वेगाने कामाला लागली. चारशे माशांची शेपटे कापली. चार दिवस थांबून पाचशे मासे धरले. त्यांत शेपूट कापलेले वीस निघाले. पाचशेत वीस, म्हणजे पंचविसांत एक. चारशेच्या पंचवीसपट, म्हणजे दहा हजार. वर्गात आरडाओरडा झाला. भिवा बाकावर उभा राहिला. सरांनी त्याला खाली बसायला सांगितले आणि म्हणाले, “वीस आले. नशिबाने पंधरा आले असते तर? सव्वीस आले असते तर?” हे आम्हांला सुचले नव्हते. त्यांनी दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला शंभर चिंचोके आणायला सांगितले, त्यांतल्या चारांना चुना लावून. तीस मुलांचे तीन हजार चिंचोके यमुनाकाकूंच्या एका मोठ्या मडक्यात गेले. त्या मडक्यातही पंचविसांत एक खुणेचा होता, पण या वेळी ते आम्हांला आधीपासून माहीत होते. एकेकाने पुढे यायचे, लाकडी चाटूने मडके तळापासून हलवायचे, पाचशे चिंचोके काढायचे, पांढरे मोजायचे, परत टाकायचे. कोणी वरवर हलवले की सर म्हणत, “अजून. शेवटचे टाकलेले वरच बसलेत.” दोन दिवस हेच चालले. कोणाला अठरा आले, कोणाला तेवीस. सगळ्यांत कमी बारा आले, सगळ्यांत जास्त एकोणतीस. मडके तेच, चिंचोके तेच, हात वेगळे. एकोणतीस आले असते तर त्याच हिशोबाने तलावात सातच हजार मासे ठरले असते आणि बारा आले असते तर साडेसोळा हजारांच्या वर. त्या दोन दिवसांत मला जे कळले ते पुढे कॉलेजात पुस्तकातून वाचले तेव्हा नवे वाटले नाही.

शिमग्याच्या आदल्या दिवशी सर टोलीत गेले. अठराही घरांची माणसे मातामायच्या चौथऱ्यापाशी बसली होती. ठेकेदाराचा माणूसही दोन दिवस आधीच येऊन बसला होता. त्याने सर्वांसमोर सांगितले, “मास्टरजी, हमारे यहाँ सब पक्का है. काम पक्का, मकान पक्का.” मग सरांनी सांगितले. मासे बहुतेक दहा हजारांच्या आसपास आहेत. सात हजारही असू शकतील, सोळा हजारही असू शकतील. ठरवायचे ते सातावर ठरवा, सोळावर ठरवू नका.

सोमाजीने विचारले, “आनि सात पन खोटा निघला तं?”

“निघू शकतो,” सर म्हणाले. “विसांत एकदा निघेल.”

“आनि तो एकदा यंदाच आला तं?”

सर म्हणाले, “तर मी चुकलो असेन, आणि भोगावं तुम्हाला लागेल.”

 भिवा माझ्या शेजारी बसला होता आणि जमिनीवरचा एकच खडा उचलून पुन्हा ठेवत होता. शेवटी सोमाजी ठेकेदाराच्या माणसाकडे वळला. “तुमचं खोटं निघलं तं, भाऊ? किती डाव निघन?” तो माणूस म्हणाला, “अरे, बोला ना, सब पक्का है.” सोमाजी मान हलवत म्हणाला, “हा म्हंते पक्कं. मास्तर म्हंते बहुतेक, आनि आपलं चुकन तं कसं चुकन ते पन सांगते. ज्याले आपली चूक मालूम हाये, त्याचं आयकाव वाटते.” मग त्याने टोलीला विचारले, वर्षाला आपल्याला मासे किती लागतात? हा हिशोब सरांना येत नव्हता, तो टोलीचाच होता. तीन हजारांत कसेबसे भागते, असे ठरले. सातांतून तीन काढले तर चार उरतात, पावसाळ्यात लहान मासा धरला नाही तर वाढतील. अठरांपैकी चार घरांनी खाणीवर जायचे ठरवले. चौदा राहिली. भिवाचे नाव हजेरीपटावरून कमी झाले नाही.

ते वर्ष कसे गेले ते भिवाला विचारावे लागेल, मी सांगणे बरोबर नाही. एवढे लिहिता येते की पुढच्या माघात चौदा घरांनी कोणी न सांगता शेपटे कापली, पुन्हा मासे धरले, आणि तीन आकडे सरांच्या घरी आणून दिले. त्या साली उत्तर बारा हजार आले. गेलेल्या चारांपैकी तीन घरे त्याच्या पुढच्या वर्षी परतली. भिवा मॅट्रिक झाला. आज तो टोलीच्या मच्छीमार संस्थेचा चिटणीस आहे.

मी गोंदियाला गेलो तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. काकू अंगणात धान पाखडत होत्या. म्हणाल्या, “ये. चहा घेशील ना?” सरांच्या खोलीत फारसे काही बदललेले नव्हते. खिडकीजवळच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेल्या आठ ओळी होत्या, प्रत्येक ओळीत साल आणि तीन आकडे, पुढे उत्तर, आणि उत्तराआधी दर वेळी ‘बहुतेक’. एका वर्षी पाळ फुटल्याने मोजणी झाली नव्हती. त्या ओळीत सरांनी आकडा टाकलेला नव्हता. ‘माहीत नाही’ एवढेच लिहिले होते. भिंतीखाली ते मडके होते. चिंचोके तीन हजार उरले नव्हते. दरवर्षीची पोरे थोडे खिशात घालून नेत आणि भाजून खात, काकू दरवर्षी अंदाजाने भर घालत. आता त्यात किती आहेत ते कोणालाच ठाऊक नाही, म्हणून नवव्या वर्गाचा पहिला धडा इथे येऊन त्यावरच होई.

चहा होतो आहे तोवर सोमाजी आणि भिवा आले. भेटायला आले असतील, असे मला वाटले. सोमाजी ओट्यावर बसला आणि म्हणाला, “बाई, माघ सरला. आकडा आणला.” मास्तर नाहीत म्हणून तलाव मोजायचा थांबवला नव्हता. भिवाने खिशातला कागद काढला. शेपटे कापली चारशे. मागाहून धरले पाचशे तीस. त्यांत खुणेचे सोळा. त्याने गुणाकार-भागाकार तिथेच केला, मी पडताळून पाहिला. तेरा हजार अडीचशे. काकूंनी कपाटावरची पेन्सिल भिवाच्या हाती दिली आणि त्याने आठव्या ओळीखाली नववी लिहिली. उत्तराशी येऊन तो थांबला. ‘बहुतेक’ हा शब्द आजवर त्या भिंतीवर एकाच हाताने लिहिला होता.

सोमाजी म्हणाला, “आता ठरवाचं कशावर? ते कोण सांगन?”

काकू चौथी शिकलेल्या. चिंचोक्यांचे मडके त्यांचे, लाल दोरा त्यांचा, आठ वर्षांतला प्रत्येक आकडा त्यांनी स्वयंपाकघरातून ऐकलेला. त्या पदराला हात पुसत दारात आल्या आणि भिंतीकडे पाहिले.

“बहुतेक तेरा हजार,” त्या म्हणाल्या. “पण ठरवाचं नवावर.”

“आनि खोटं निघलं तं?”

“निघन. विसांत एकदा.”

सोमाजी हसला. भिवाने शब्द लिहिला. काकूंनी सगळ्यांसमोर चहा ठेवला. कप ठेवायला जागा हवी म्हणून मी मडके थोडे सरकवले आणि त्यात उभा असलेला चाटू काढून बाजूला ठेवू लागलो. काकू म्हणाल्या, “तो राहू दे आत. सोमवारी नववीची पोरं येतात. आधी हलवाव लागते.”